एका गुडघ्याचे देणे

माझ्या सासऱ्यांनी खाणीत दगड फोडले. त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या यजमानांनी, रिंगणात उतरून माणसांचे जबडे फोडले. आमच्या मुलाने एका पडलेल्या माणसाचा गुडघा फोडला. आणि आमच्या मुलाची मुलगी, माझी नात, जिची ही हकीकत आहे, रुग्णालयात बसून माणसांच्या सांध्यांतली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, मोजते, तीही मिलिमीटरच्या दशांशापर्यंत. घरात आम्ही तिला मापाडी म्हणतो. मला तिचा अभिमान आहे आणि तो मी कधी लपवलेला नाही.

तो फोडलेला गुडघा एका सुताराचा. दिवसा रंधा, संध्याकाळी रिंगण, असे त्याचे आयुष्य होते. सव्वीस वर्षांपूर्वी ती झुंज मी पहिल्या रांगेत बसून पाहिली. माझ्या मुलाच्या ठोशाने सुतार आडवा झाला, घंटा वाजली, आणि घंटा वाजल्यावर माझ्या मुलाने त्याच्या गुडघ्यावर टाच घातली. ओली फांदी पिळून मोडावी तसा आवाज आला. त्याने पुन्हा टाच घातली. मी दोर ओलांडून आत शिरले आणि मुलाच्या मुस्काटात अशी ठेवून दिली की त्याचा ओठ फाटला. पण तेवढ्याने सुताराचा पाय सरळ होणार नव्हता.

"बाई, तुमच्या घराकडे माझा एक गुडघा निघतो," तो जमिनीवरून म्हणाला.

"मिळेल," मी म्हणाले.

चार वर्षांनी माझा मुलगा त्याच रिंगणात डोक्याला मार बसून गेला. शब्द मात्र मी दिलेला होता, आणि मी होते.

पुढे सुताराचा मुलगा झुंजू लागला. पहिल्याच झुंजीत कोणीतरी चावून त्याचा कान फाडला, तेव्हापासून तो कानफाट्या. कान एकदाच फाटला, नाव जन्माचे पडले. यंदा त्याची मोठी झुंज ठरली होती, आणि मोठ्या झुंजीआधी गुडघ्याची एमआरआय करून घ्यावी लागते. मांडीच्या हाडाच्या टोकावर, जिथे अंगाचा भार पडतो, तिथे कूर्चा दोन मिलिमीटरहून कमी भरली तर परवाना मिळत नाही. मापाडीने मोजली. दोन पूर्णांक चार. परवाना झाला आणि रिंगणाच्या मालकाने भिंतीच्या भिंती फलकांनी भरून टाकल्या.

रविवारी सकाळी मी पाव कापत होते. सुरी बोथट होती आणि सारखी कलत होती.

"आजी, केवढा हा काप. राक्षसाला वाढतेस का?"

"पाव तेवढाच आहे. सुरी तिरकी गेली."

तिचा घास तोंडातच राहिला. तो काप तिने उभा धरला, आडवा धरला, ताटलीत ठेवला, आणि घरातल्या चपलांवरच रुग्णालयात निघून गेली. दुपारी परतली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

"हाड तिथे वळतं, आजी. एमआरआयचा माझा काप कूर्चेतून तिरका गेला, म्हणून ती जाड दिसली. आता काटकोनात मोजली. एक पूर्णांक दोन. निम्मी. इतकी वर्षं दुसऱ्यांना हेच शिकवतेय मी, आणि माझंच चुकलं."

"मग मला काय सांगतेस? जिथे चुकलं तिथे जाऊन सांग."

तिने वरिष्ठांना कळवले, परवाना थांबवला आणि कानफाट्याला सोमवारी पुन्हा बोलावले. संध्याकाळी मालकाचा फोन आला. आकडा बदललास तर मोजायला तुझी दहा बोटं उरणार नाहीत, असे तो तिला म्हणाला. म्हणून सोमवारी मीही तिच्याबरोबर गेले. माझे वय शहाऐंशी आहे, परंतु दारात बसायला वय आडवे येत नाही.

सुतार मुलाला घेऊन आला. काखेत कुबडी, एक पाय काठीसारखा ताठ.

"बापाने पाय घेतला, लेक पोटावर पाय देते," तो म्हणाला. "पोराचं सगळं या झुंजीवर आहे."

"काका, तिथे एक लाथ बसली तर हाडावर हाड घासेल. तुमच्यासारखं होईल."

"माझ्यासारखं तुझ्या बापाने केलं."

"म्हणून तर पुन्हा मोजतेय."

"बाबा, मोजू दे," कानफाट्या म्हणाला. "कानाचं तरी माप मागत नाही ती."

तिने त्याला अर्धा तास नुसते बसवून ठेवले, कारण चालून आलेल्या सांध्यातली कूर्चा दबलेली असते. मग लोखंड म्हणून जे जे होते ते सगळ्यांकडून बाहेर ठेवून घेतले. माझ्या केसांतले आकडे, सुताराचा पट्टा, घड्याळे. ते चुंबक रात्रंदिवस चालूच असते, जड लोखंड आत गेले की गोळीसारखे सुटते, आणि फारच बेतले तर चुंबक बंद पाडायला भिंतीवरचे लाल बटण दाबावे, हे तिने मला दोनदा सांगितले. कुबडी तिने उलटसुलट करून पाहिली.

"खिळा शोधतेस?" सुतार म्हणाला. "खिळे मारायचे तर सुतार कशाला व्हायचं?"

तिने ती आत नेऊ दिली.

आकडा तोच आला, एक पूर्णांक दोन. त्याच्या पायाचे पट्टे सोडायला ती आत गेली आणि सुतार तिच्या मदतीला गेला. दार उघडेच होते. मी खुर्ची दाराशी ओढून बसले होते.

तेवढ्यात मालक आला. हातात रिंगणाच्या दाराचा अडसर, चांगली दोन हात लांबीची लोखंडी पहार. मागे नोंदणीच्या टेबलावरचा माणूस रक्ताळलेले नाक धरून भिंतीला टेकला होता.

"म्हातारे, सरक."

"पहार बाहेर ठेव आणि मग बोल," मी म्हणाले.

त्याने ती माझ्या मनगटावर घातली. मनगट मोडल्याचे मला ऐकू आले. मी डाव्या हाताने त्याचा कोट धरला, तेव्हा त्याने मला खुर्चीसकट ढकलून दिले आणि तो आत घुसला.

"पुढे येऊ नका," मापाडी म्हणाली. "ती हातात राहायची नाही."

तो हसला आणि आणखी एक पाऊल पुढे आला.

कानफाट्याचे गुडघे यंत्राच्या बोगद्यात होते, पट्ट्यांनी जखडलेले. पहार मालकाच्या मुठीतून त्याच्या तळव्याचे कातडे घेऊन सुटली. मापाडीने विचार केला असेल तर तो मला दिसला नाही. ती बोगद्याच्या तोंडाशी आडवी झाली. पहार तिच्या उजव्या गुडघ्यावर बसली आणि तो यंत्राच्या कडेवर चिरडला गेला. सव्वीस वर्षांपूर्वीचा तोच आवाज.

ती ओरडली नाही. कानफाट्या ओरडला.

मालक सोललेला हात धरून वळला, तोच सुताराची कुबडी त्याच्या कानशिलावर बसली. तो खाली पडला. सुतार एका पायावर उभा राहून मारत राहिला, नाकावर, दातांवर, बरगड्यांवर. कुबडीवर चुंबकाची काही सत्ता नव्हती. मालकाचे दात फरशीवर विखुरले.

"आजी, लाल बटण," मापाडी म्हणाली.

मी गुडघ्यांवर रांगत भिंत गाठली आणि डाव्या हाताने बटण दाबले. छतातून फुत्कार उठला, आणि थोड्या वेळाने पहार सैल होऊन फरशीवर पडली. मग मी सुताराचे मनगट धरले.

"पुरे. पोलिसांसाठी ठेव काहीतरी."

तो थांबला. त्याने मुलाचे पट्टे सोडले. कानफाट्या दोन्ही पायांवर उतरला आणि मापाडीला उचलून शस्त्रक्रियेच्या खोलीपर्यंत धावत गेला.

मालक तुरुंगात आहे आणि चमच्याने जेवतो. झुंज झाली नाही. कानफाट्या बापाच्या कारखान्यात रंधा मारतो आणि बापाची बोलणी खातो.

दोन महिन्यांनी दुसऱ्या रुग्णालयात मापाडीच्या गुडघ्याची प्रतिमा काढली. पडद्याकडे पाहून ती तिथल्या मुलीला म्हणाली, "काप तिरका आहे तुझा. काटकोनात घे." मुलीने काटकोनात घेतला. भार पडतो त्या जागी आकडा शून्य आला. मापाडीने तो स्वतः वाचून दाखवला आणि बरोबर आहे म्हणाली.

त्याच संध्याकाळी सुतार आमच्या घरी आला. तिच्या उंचीची नवी कुबडी त्याने आणली होती, बिनखिळ्याची. मापाडी ती काखेत घेऊन खोलीभर चालली. तिचा पाय आता त्याच्यासारखाच ताठ पडतो. सुतार तो पाय पाहत राहिला, मग खिडकीतून खाली पाहू लागला. खाली कानफाट्या हातगाडीवरच्या फळ्या उतरवून जिना चढत होता, दोन-दोन पायऱ्या एकदम.

"सुतार," मी म्हणाले, "आमच्याकडे तुझा एक गुडघा निघत होता."

"मिळाला, बाई."

"काही बाकी?"

त्याने मान हलवली. मग मापाडीच्या कुबडीची मूठ त्याने अंगठ्याने चाचपली, खिशातून काचकागद काढला आणि खाली बसून एक कंगोरा घासून गुळगुळीत केला.

"आता काही नाही," तो म्हणाला.