नायगाराचे पाणी आणि माझ्या बुडाचा पोचा

या मित्रांनो, असे दाराशी उभे राहू नका. जवळ या, मांडी घालून बसा. आमच्या गल्लीतल्या देवळात बुवा कीर्तनाला उभे राहिले की आधी असेच सगळ्यांना पुढे बोलावून घेत आणि मगच झांज वाजे. माझ्याकडे झांज नाही, गाता गळाही नाही. पण एक कथा आहे, आणि ती मी शेवटपर्यंत सांगणार आहे. रडू आले तर येऊ द्या.

मी एक जुना तांब्याचा गडू आहे. कालिंदीबाई नेसरीहून लग्न होऊन कोल्हापुरात आल्या तेव्हा मी त्यांच्या रुखवतात होतो. त्यांचे यजमान माधवराव शाळेत मास्तर. त्यांना कीर्तनाचे भारी वेड. देवळात कीर्तन असले की कालिंदीबाई मला चिंचेने लखलखीत घासत, पाणी भरून तुळशीचे पान टाकत आणि मला बुवांच्या शेजारी ठेवत. पूर्वरंग संपला की बुवा दोन घोट घेत आणि भरसभेत म्हणत, "माधवराव, तुमच्या गडूतलं पाणी प्यायलं की आवाज आपोआप चढतो बघा." तेव्हा माझे तांबे कसे फुलून येई! चाळीस वर्षे मी ती सेवा केली. माझ्या आयुष्यात सुखाचे म्हणावे ते तेवढेच.

एकदा गंगावतरणाच्या आख्यानात बुवा म्हणाले, "पाणी कुठल्याही देशात पडो. भाव घेऊन गेलात तर तिथं तीर्थच आहे." माधवरावांनी ते मनात गाठ मारून ठेवले. पुढे त्यांचा मुलगा अभिराम कॅनडात नोकरीला गेला. त्याने दोघांना बोलावून घेतले, तेव्हा पेटीत लोणच्याच्या बरणीशेजारी त्यांनी मलाही बांधले. नायगाराचे पाणी माझ्यात भरून आणायचे होते.

मित्रांनो, तो धबधबा मी काय वर्णावा! बोटीवर सगळ्यांनी लाल पातळ रेनकोट चढवले होते. कालिंदीबाईंनी तो लुगड्यावरच घातला, खाली सुनेचे बूट. पाण्याची वाफ अशी उसळत होती की शेजारचा माणूस दिसेना.

"अहो, गगनबावड्याचा पाऊस परवडला!" त्या ओरडल्या.

"गगनबावड्याला एवढं नटून नव्हतीस आलीस!" माधवराव हसले.

कालिंदीबाईंनी जुन्या लुगड्याचा काठ फाडून आणला होता. माहेरी विहिरीवर पोहरा बांधत तसा तो माझ्या गळ्याला बांधला आणि त्याचे दुसरे टोक माधवरावांच्या मनगटाला. बोट धबधब्याच्या पायाशी गेली. माधवराव कठड्यावरून वाकले आणि मला त्या पांढऱ्या फेसात सोडले. तेवढ्यात बोट हेलकावली. त्यांचे पाय निसटले. बोटीवरचा माणूस इंग्रजीत ओरडत धावला, पण त्याच्याआधी कालिंदीबाईंनी दोन्ही हातांनी त्यांच्या कमरेला मिठी मारली. रेनकोट टराटरा फाटला.

"गडू जाऊ द्या! तुम्ही आत या!"

"थांब गं, भरतोय!"

"भरतोय काय! मला इथं एकटीला टाकून जाताय व्हय?"

त्या ओढाताणीत मी बोटीच्या लोखंडावर ठण्णकन आपटलो. बुडाला पोचा पडला. पण मी भरलो होतो. मला वर ओढल्यावर दोघे ओलेचिंब होऊन बाकावर बसले आणि लहान मुलांसारखे हसत सुटले. अभिराम फोटो काढत म्हणाला, "बाबा, इथं असं करत नाहीत हो! बरं, आता मी दिवाळीला येतो. मावंद्याला हा गडू मीच फोडणार. माझ्याशिवाय फोडायचा नाही."

मावंदे म्हणजे काय, ते तुमच्यातल्या लहानांना सांगतो. यात्रेहून आणलेला तीर्थाचा गडू तोंड झाळून, म्हणजे कथलाचा डाग देऊन, बंद करतात. मग घरी पूजा, जेवण घालून तो सर्वांसमक्ष फोडतात आणि तीर्थ वाटतात. तोवर तीर्थाचे भांडे बदलायचे नाही, असा आमच्या घरचा रिवाज.

माझ्या तोंडाला प्लास्टिक घट्ट आवळून पेटीतून परत आणल्यावर माधवराव मला गणपतराव तांबटाकडे घेऊन गेले. त्याने मला उचलून बुडावरून अंगठा फिरवला.

"मास्तर, पोचा हाय की ह्याला. पानी दुसऱ्या भांड्यात वता. पोचा काढतो, मग झाळतो. अशीच आच दिली तर चिरंल."

"छे छे! मावंद्याआधी तीर्थ ओतायचं नसतं."

"देवाचं तुमी बघा, तांब्याचं मला बघू द्या की!"

"तू तोंड झाळ रे. बाकीचं तो बघेल."

गणपतरावाने मान हलवली आणि तोंड झाळले. त्या आचेने माझ्या पोच्याची घडी केसाएवढी उलली. मला ते कळले, मित्रांनो. मला एकट्यालाच कळले. पण गडू बोलतो कुठे?

मला देवघरात लाल फडक्यावर ठेवले. त्या दिवसापासून माझ्यातले पाणी थेंबाथेंबाने झिरपू लागले. कालिंदीबाई रोज सकाळी पूजेला बसत आणि खालचे फडके बदलत. दूध घालायला येणाऱ्या बनाबाईने ती फडकी दोरीवर पाहिली.

"काकू, देवाखालचं फडकं रोज वलं कसं वो?"

"अभिषेकाचं पाणी सांडत असेल गं," कालिंदीबाई म्हणाल्या. पण बनाबाई गेल्यावर त्यांनी मला दोन्ही हातांत धरून अंदाज घेतला आणि हळूच परत ठेवले.

दिवाळी आली. अभिरामला रजा मिळाली नाही. कालिंदीबाई म्हणाल्या, "अहो, आपण दोघांनी आणलंय, दोघांनी फोडूया की. शेजारची चार माणसं बोलवू."

"मुलाशिवाय मावंदं कसलं? त्याला शब्द दिलाय."

चैत्र आला, तेव्हा त्याची कागदपत्रे अडकली होती. गणपती आले, तेव्हा नवी नोकरी लागली होती. दर वेळी कालिंदीबाई विचारत आणि दर वेळी माधवराव तेच उत्तर देत. एके दिवशी त्यांनी विचारणे सोडले. फडके बदलणेही सोडले, कारण ते आता कोरडेच असायचे.

मार्गशीर्षात कालिंदीबाईंच्या छातीत पाणी झाले. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितले. अभिरामचा फोन आला, तो विमानात बसत होता. दुपारची वेळ होती. कालिंदीबाई माझ्याकडे बघत होत्या. माधवराव त्यांचा हात धरून म्हणाले, "उद्या येतोय तो. उद्या फोडू हं."

कालिंदीबाईंनी नकारार्थी मान हलवली.

मग माधवरावांना कळले. ते धडपडत उठले, पकड आणली आणि माझे तोंड उचकटले. मला कालिंदीबाईंच्या ओठांशी नेऊन वाकडे केले. आणखी वाकडे केले. पार उलटे केले.

एक थेंब पडला नाही.

माधवरावांनी माझ्यात बोट घातले. तळाशी पांढरी पुटे होती. "कालिंदी, पाणी कुठं गेलं गं?"

"मला ठाऊक होतं," त्या कशाबशा म्हणाल्या. "तुम्ही... वाट बघत होतात ना. कसं सांगू?" मग स्वयंपाकघराकडे नजर वळवून, "तांब्यातलं द्या. साधं."

माधवरावांनी स्वयंपाकघरातून साधे पाणी आणले. पण ते येईपर्यंत त्या गेल्या होत्या. ते पाणी वाटीतच राहिले.

दुसऱ्या दिवशी अभिराम आला. मला हातात घेऊन तो पोच्यावर बोट फिरवत बसला.

आता मी माळ्यावर पडलो आहे. अंगावर हिरवा गंज चढला आहे. गल्लीत कीर्तन सुरू झाले की झांज मला ऐकू येते. माधवराव खिडकी लावून घेतात. त्यांचा देवावर राग नाही, मी त्यांना ओळखतो. त्यांना फक्त बुवांच्या शेजारची मोकळी जागा बघवत नाही. मी देवाला विचारतो, मला जीभ का नाही दिलीस?

मित्रांनो, घरातल्या भांड्याला पोचा पडला तर वेळेवर तांबटाला दाखवा. आणि गोड गोष्ट कोणाची वाट बघत बंद करून ठेवू नका, हेही सांगितले असते. पण माझ्या सांगण्याने कालिंदीबाईंचे ओठ थोडेच ओले होणार आहेत?

एवढेच मागतो. कधी धबधब्यापाशी उभे राहिलात, अंगावर तुषार आले, तर लाल रेनकोटातल्या कालिंदीबाईंना आठवा. त्यांनी नवऱ्याला दोन्ही हातांनी धरले होते, आणि मला तेवढा सोडून द्यायला सांगितले होते.