पहिली सही बबनची

उत्तम पडवळ तीनदा विधानसभेला उभे राहिले आणि तिन्ही वेळा सपाटून पडले. पक्षाचं नाव शहर नागरिक पक्ष. मुख्यालय म्हणजे भाईंदर पूर्वेतल्या त्यांच्याच फ्लॅटची गॅलरी, जिथे पत्रकांच्या गठ्ठ्यांमुळे शैलाताईंना पंधरा वर्षं धड कपडे वाळत घालता आले नाहीत. चिन्हही दर वेळी निराळं. लोकांच्या तोंडी शिट्टी बसते न बसते तोच पुढच्या निवडणुकीत कुकर यायचा. मतं मात्र वाढत होती. पहिल्यांदा सहाशे अकरा होती, ती गेल्या खेपेला पाच हजारांवर गेली. "पडलो तरी नाक वर," असं शैलाताई चारचौघांत नवऱ्याला चिडवत. मनातून त्यांना या माणसाचा फार अभिमान होता. पाणी आलं नाही की अख्खी बिल्डिंग पडवळांकडे धावायची आणि मत द्यायची वेळ आली की मोठ्या पक्षाला द्यायची, याचा रागही त्यांनाच यायचा, पडवळांना नाही.

यंदा जूनमध्ये पडवळांना हार्ट ॲटॅक आला. डॉक्टरांनी दोन स्टेंट घातले आणि बजावलं, जिने चढायचे नाहीत. आता प्रचार म्हणजे दुसरं काय असतं? बिनालिफ्टच्या इमारती आणि दिवसभर चार-चार मजले. शैलाताई रडल्या, एक दिवस जेवल्या नाहीत, पुण्याहून लेकीला, रसिकाला, बोलावून घेतलं.

"शेवटची निवडणूक, शैला," पडवळ म्हणाले. "मशीनवर नाव दिसलं नाही तर लोक म्हणतील, पडवळ विकला गेला. ते नाही सहन व्हायचं मला."

मोठ्या पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एकच सूचक पुरतो. पडवळांसारख्याला दहा लागतात, आणि दहाही त्याच मतदारसंघातले मतदार असावे लागतात. एक जरी चुकीचा निघाला तरी अर्ज बाद. पहिल्या निवडणुकीत सही करायला कुणी तयार नव्हतं, तेव्हा जुन्या भाईंदरचा बबन कोळी होडीवरून तसाच ओल्या हातांनी आला आणि सही करून गेला. तेव्हापासून पडवळांचा नेमच झाला. पहिली सही बबनची. त्याआधी अर्जाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

बबन आता मुलाकडे, शहराच्याच दुसऱ्या टोकाला, वरसाव्याला राहायला गेला होता. गणपतीत त्याची सून मिनल आली होती. बोलता बोलता ती शैलाताईंना म्हणाली, "सासऱ्यांचं नाव पण मतदार यादीत आमच्याबरोबर तिकडे करून घेतलं, मोबाइलवरच. त्यांना सांगितलंय, पण त्यांच्या लक्षात कुठे राहतंय."

महापालिका एकच, पण वरसाव्याचा आमदार वेगळा. शैलाताईंना हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पंधरा वर्षं त्या हेच ऐकत आल्या होत्या. पडवळांना सांगायचं त्या दिवशी राहून गेलं. नंतर त्यांनी सांगितलं नाही.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी बबन इस्त्रीचा शर्ट घालून सकाळीच हजर झाला. सावकाश, एकेक अक्षर जपून त्याने सही केली. पडवळांनी त्याचा यादीतला क्रमांक मागच्या वेळच्या कागदावरून उतरवला. दर वर्षी नाक्यावर टेबल टाकून 'यादीत आपलं नाव तपासा' म्हणून ओरडणारा हा माणूस. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

"नवीन यादी बघायची ना एकदा?" एक कार्यकर्ता म्हणाला.

"बबनला यादी लावू? मग उद्या शैलाकडे लग्नाचा दाखलाही मागतो," पडवळ हसत म्हणाले. बबनही हसला.

शैलाताई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. बोलायचं तर हीच वेळ होती. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि त्या आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी छाननीला शैलाताईही पडवळांबरोबर गेल्या. अधिकारी बाई भल्या होत्या, त्यांनी दोनदा बघितलं. "पहिल्या सूचकांचं नाव इथल्या यादीतून वगळलेलं आहे."

"मॅडम, दुसरा सूचक आत्ता आणतो."

"मुदत काल तीन वाजता संपली, काका."

शैलाताईंना त्या क्षणी हायसं वाटलं, खोटं कशाला बोला. मग दाराशी सकाळपासून ताटकळलेला बबन पुढे आला आणि भर कार्यालयात पडवळांच्या पायांवर कोसळला. "भाऊ, माज्यामुलं झाला."

"तुझं काय चुकलं? मी तपासायला हवं होतं," पडवळ त्याला उठवत राहिले.

आठवडाभरात नाक्यावर बोलणं सुरू झालं. अर्ज मुद्दामच कच्चा भरला म्हणे, पडवळांची सेटिंग झाली. ते कानावर आल्यावर पडवळांनी खाली उतरणंच सोडलं. गोळ्या वेळेवर, जेवण वेळेवर. बीपी इतकं उत्तम की डॉक्टर खूश झाले. पाण्याची तक्रार घेऊन कुणी आलं तर ते दारातूनच सांगत, "दुसरीकडे बघा." शैलाताईंनी ज्याला वाचवलं तो माणूस घरात होता, पण त्याच्याशी बोलायला जावं तर तो सापडतच नव्हता. तिकडून मिनलचा फोन यायचा, सासरे खाडीवर जात नाहीत, धड जेवत नाहीत, भाऊला मी बुडवला असंच बोलतायत.

मतदानाच्या दिवशी दोघं जाऊन बटण दाबून आली. पडवळ खुर्चीत बसले, बोटावरची शाई बघत. शैलाताईंना ते बघवेना.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "बबनचं नाव तिकडे गेलंय ते. गणपतीपासून. मुद्दाम बोलले नाही मी."

पडवळ रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "बबनला फोन लाव. माझ्यासमोर सांग त्याला. तो जेवत नाहीये."

शैलाताईंनी फोन लावला आणि स्पीकर चालू करून मधल्या टेबलावर ठेवला.

"वयनी, भाऊ बरा हाय ना?"

शैलाताईंनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, स्वतःची बाजूही मांडली नाही.

"वयनी," बबन हळू आवाजात म्हणाला, "भाऊला न्हाय ना सांगितलाव? नका सांगू. त्याला तुमच्याबिगर कोन हाय. ते माज्याच नावावर ऱ्हाऊ द्या."

तीन पराभवांत ज्यांचे डोळे कधी ओले झाले नव्हते ते पडवळ भिंतीकडे तोंड करून रडू लागले. शैलाताई मागे उभ्या होत्या आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवायचं त्यांना धाडस होत नव्हतं.