नागनळीचं रक्त

सहाणेवर, गावच्या चौथऱ्यावर, देवीची पालखी टेकली होती, ढोल टिपेला पोचले होते आणि अख्खा गाव एका बंदुकीच्या पाया पडत होता. मी पालीला दवाखाना चालवतो. शिमग्याला या गावात येतो तो मलमपट्टीची पिशवी घेऊनच. लोकांना समजावण्यापेक्षा टाके घालणं सोपं, हे मला फार वर्षांपूर्वी कळून चुकलंय.

बंदूक ठासणीची, गावातल्या म्हाताऱ्या भिकाजीच्या पणजोबांची. नळीवर वेटोळ्यांची सुरेख नक्षी, म्हणून गाव तिला नागनळी म्हणतो. पालखी आली की भिकाजीने बार काढायचा, हा त्याच्या घराचा मान.

"नाग आत बसलाय!" आप्पा भगत डोळे गरागरा फिरवत ओरडला. "तो हाय तवर नळी फुटायची नाय!"

हे तो दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी नळी फुटत नाही. गावाला एवढा पुरावा पुरतो.

यंदा भिकाजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, म्हणून मान मुलाकडे, संदेशकडे आला होता. पोरगा तरणाबांड.

"आमच्या बाबांचा बार म्हंजे फुसका," तो हसत म्हणाला. "मी डबल दारू ठासतंय. पालीपर्यंत ऐकाक जायला पायजे."

"घाल बिनधास्त!" आप्पाने अंगारा लावला. भिकाजीने मान खाली घातली.

संदेशचा हा बेत मला आधीच कळला होता, म्हणून ओळखीच्या फैझानला सोबत आणलं होतं. तो कुवेतला तेलाच्या पाइपांचे जोड तपासतो, सुट्टीवर आला होता. त्याने नळी हातात घेतली आणि त्याचा चेहरा उतरला.

"ही नक्षी नाय," तो म्हणाला. "लोखंड नि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून केलेली नळी हाय. दमास्कस म्हणतात. सगळी जोडच जोड. एक जोड सुटला तरी खलास."

"कर परीक्षा!" आप्पा छाती काढून म्हणाला. "देवीच्या नळीला भेग कसली?"

फैझानने नळी साफ केली, सोबत आणलेला लाल रंग फवारला, थोडं थांबून पुसून टाकला आणि वर पांढरी भुकटी मारली. नळी खडूसारखी पांढरी झाली. मग त्या पांढऱ्यात एक बारीक लाल रेघ उमटली. वेटोळ्याच्या कडेने ती हळूहळू ठळक होत गेली.

"रगात!" गर्दीतली गंगुबाई किंचाळली. "नागाला रगात आला!"

पुन्हा सगळे पाया पडले. कुणीतरी नारळही फोडला. भेग दाखवायला आणलेल्या माणसाने गावाला नवा चमत्कार मिळवून दिला होता. क्षणभर वाटलं, असू दे रक्त. भीतीने का होईना, बार तरी टळेल.

पण आप्पा सावरला. "देवी कोपली! कोंबडा द्या, शांत होईल. मग उडवा!"

म्हणजे एका कोंबड्याच्या भरवशावर पोराचा हात उडणार होता.

फैझानने गर्दीतून एक जुना कोयता मागून घेतला. त्यालाही लाल रंग, मग पांढरी भुकटी. मुठीजवळ तशीच लाल रेघ उमटली.

"आता ह्याच्यात कोण बसलाय, आप्पा? रंग भेगेत शिरतो नि भुकटी तो बाहेर ओढते. बस्स. नि रेघ नसती दिसली तरी मी ही उडवू दिली नसती. आतला गंज असा दिसत नाय."

"मग इतकी वर्षं कशी फुटली नाय?" आप्पाने विचारलं. गर्दीने माना डोलावल्या. प्रश्न रास्त होता. संदेशने दारू ठासायला बंदूक उचलली आणि डाव्या पंज्यात नळी धरली.

तेवढ्यात भिकाजी चाचपडत पुढे आला. "फैझान, रेघ खंय हाय? माझा बोट ठेव तिच्यावर."

फैझानने त्याचं बोट रेघेवर ठेवलं. ते नळीवरून सरकत गेलं आणि संदेशच्या डाव्या पंज्यापाशी अडलं. रेघ पंज्याखाली गेली होती. म्हाताऱ्याने तो पंजा दोन्ही हातांत धरला.

"नळी नागाने नाय राखली," तो म्हणाला. "मी राखली. मी चिमूटभरच दारू घालायचो नि वर चिंध्या ठासायचो. देवीवर भरवसा होता, नळीवर नव्हता. घराचा मान जाईल म्हणून बोललो नाय."

ढोल थांबले. संदेशने बंदूक जमिनीवर ठेवली आणि आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. आप्पा अंगाऱ्याची पुडी बांधून निघून गेला. पुढच्या वर्षी दुसरं काहीतरी घेऊन येईल, मला ठाऊक आहे.

माझं मागणं फार नाही. पालखी नाचवा, नवस बोला. पण चमत्कार दिसला की एवढं विचारा, की हा घडावा म्हणून कोण गुपचूप काळजी घेतंय? आणि तो माणूस थकला, तर हात कुणाचा जाईल? त्या दिवशी माझी पिशवी उघडावी लागली नाही. तशीच परत घेऊन आलो.