चाळीस रोपं

"रोपं काय तुझ्या बापाची आहेत?" दादा जिन्यावरूनच ओरडला.

"बाप आपला एकच," धाकटा म्हणाला. "आणि बिया आईच्या. मी तिचा डबा नेला तेव्हा त्यात काय होतं ते तुला माहीत तरी होतं का?"

दादा धापा टाकत धाकट्याच्या खोलीवरच्या गच्चीवर आला. त्याच्या मागून वहिनी दोन रिकामे क्रेट घेऊन आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"ए करप्या, जीभ आवर. चाळीस देतो म्हणालास, चाळीस दे. मागचं सगळं रान खणून ठेवलंय मी."

"तू खणलंस?"

वहिनीच्या तळहाताला पट्टी बांधलेली होती.

करप्या. दोन वर्षं झाली या नावाला. दादाच्या खानावळीत ऐन दुपारी गर्दी झाली होती, मोठ्या पातेल्यात टोमॅटोचा सॉस आटत होता. गिऱ्हाईक खोळंबलंय म्हणून दादाने गॅस मोठा केला, हात लावू नकोस म्हणाला, आणि फोनवर बोलत बाहेर गेला. धाकटा मागच्या बाजूला कांदे चिरत होता. वास आला तेव्हा तळ काळा पडला होता. दादाने आत येऊन सगळ्यांसमोर त्याची कॉलर धरली. "शाळेत नापास, चुलीवर पण नापास!" लोक हसले. दारातल्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं, करप्या. आठवड्यात सगळ्या गल्लीला ते नाव पाठ झालं. न्हावीसुद्धा म्हणायचा, "ये करप्या, बस, डोकं करपलं नाही ना?"

गॅस कुणी मोठा केला ते वहिनीने पाहिलं होतं. ती शेजारीच ताटं पुसत होती. ती ताटं पुसतच राहिली.

त्या संध्याकाळी धाकट्याने घर सोडलं. कपड्यांची पिशवी आणि आईचा बियांचा डबा, बस. पुढच्या उन्हाळ्यात दादाला कळलं की डबा गेला म्हणजे काय गेलं.

कारण आईचे टोमॅटो लांबट होते, अंगठ्याएवढ्या जाडीचे, आत गर ठासून भरलेला. आई प्रत्येक टोमॅटो पाण्याच्या बादलीत सोडायची. तरंगला की आतून पोकळ, तो घरात खाऊन टाकायचा. बुडाला की पातेल्यात. आणि बुडालेल्यांत जो सगळ्यात आधी तळाला जाईल, तो बियांसाठी बाजूला. पंधरा-सोळा वर्षं असं निवडत निवडत आणलेलं बियाणं. बाजारचे टोमॅटो घालून दादाने वर्षभर सॉस केला, तर गिऱ्हाईक विचारायला लागलं, पाणी वाढवलंत का हो? आता त्याने नवीन पाटी रंगवून घेतली होती, 'आईच्या हातचा सॉस', आणि पाटीखाली वाढायला आईचा टोमॅटो हवा होता.

महिन्याभरापूर्वी रोपांसाठी दादाचा निरोप आला तेव्हा धाकटा लगेच हो म्हणाला. इतक्या लगेच, की निरोप आणणाराच चपापला.

पाटीवर दगड मारायचं त्याच्या मनात कितीदा आलं होतं. पण पाटी फुटली की दुसरी लावता येते. मग तो ज्या नर्सरीत काम करायचा तिथून त्याने गोल टोमॅटोचं बी आणलं. कच्चा खायला झकास, कापला की अर्धी वाटी पाणी. दिवसभर आटवत बसा, हाताला लाल पाणीच लागणार. रोप लहान असताना कुणाच्या लक्षात येत नाही. फळ धरून पिकायला तीन महिने. तोवर दुसरी रोपं लावायचे दिवस गेलेले. तीन महिने दादाने पाणी घालायचं, काठ्या बांधायच्या, रोज सकाळी जाऊन बघायचं. हे त्याला सगळ्यात आवडलं होतं. झोपायच्या आधी तो ते मनातल्या मनात परत परत बघायचा.

खरी रोपंही त्याने चाळीस केली होती. का केली, ते त्याने स्वतःला विचारलं नव्हतं. ती टाकीखाली पोत्याने झाकून ठेवली होती.

"ही घे," त्याने उन्हातले ट्रे दाखवले. "मोजून घे, नाहीतर परत म्हणशील चोरलं."

दादाने एक रोप उचललं, उलटसुलट केलं, काही कळल्यासारखा चेहरा केला. "बरी आहेत. शेवटी घरातलाच तू." मग बायकोकडे वळून, "भर पटापट. मी गाडी दाराशी आणतो." आणि चपला फटफटवत खाली गेला.

वहिनी गुडघ्यावर बसली. पहिलं रोप उचललं, क्रेटमध्ये ठेवलं. दुसरं उचललं आणि थांबली. एका पानापासून वरच्या पानापर्यंत तिने बोट नेलं. मग तिसऱ्या रोपावर तेच केलं.

"सासूबाईंची रोपं ठेंगणी असायची, भाऊजी," ती म्हणाली. "पानाला पान चिकटून. ही तर आत्ताच माना उंच करून बघतायत."

धाकट्याने एक ट्रे तिच्याकडे सरकवला. "ऊन कमी पडलं असेल."

"गच्चीवर?"

वहिनीने टाकीकडे बघितलं. पोत्याच्या कडेतून दोन-तीन हिरवे शेंडे बाहेर आले होते, बुटके, दाट. तिने ते नीट पाहिले. मग मान फिरवली आणि चौथं रोप क्रेटमध्ये ठेवलं. पाचवं. सहावं.

"वहिनी, काय करताय?"

"भरतेय. वीस इथे मावतील, वीस त्यात."

"तुम्हाला कळलंय ना?"

"लावणार मी. पाणी मी घालणार. तुमच्या दादाला फावडं कुठल्या बाजूने धरतात ते माहीत नाही." ती जरा हसली. "फळ आलं की शिव्या पण मीच खाणार."

हे धाकट्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. महिनाभर त्याने हे सगळं मनात बघितलं होतं, पाणी घालणारा दादा, काठ्या बांधणारा दादा, कापलेल्या टोमॅटोकडे बघत बसलेला दादा. आणि आता एकदम त्या सगळ्या चित्रात पट्टी बांधलेला हात दिसायला लागला.

"मग नेताय कशाला?" त्याचा आवाज चढला. "सांगा ना त्याला! आत्ता खाली जाऊन सांगा!"

"ओरडू नका. त्या दिवशी मी सांगितलं असतं तर तुमचं नाव वेगळं असतं." तिने शेवटच्या रोपाची माती बोटाने दाबली. "खाईन शिव्या. लोकांना पण एकदा बघू दे, ह्यांच्या पातेल्यात काय आहे ते."

ती उठली. एक क्रेट कमरेवर घेतला, दुसरा हाताला लटकवला आणि जिन्यापर्यंत गेली. पहिल्या पायरीवर वळली. नजर त्याच्याकडे नव्हती, पोत्याकडे होती.

"भाऊजी, हीच नेऊ ना?"

धाकटा टाकीपाशी कधी गेला ते त्याला कळलं नाही. तो वाकला. पोत्याचं टोक त्याच्या मुठीत आलं. ओढलं की झालं, दोन मिनिटांचं काम, क्रेट रिकामे करायचे आणि ही भरायची.

खालून हॉर्न वाजला. एकदा, मग लांबलचक. समोरच्या दुकानातले लोक वर बघायला लागले.

"ए करप्या!" दादा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला. "तिला सोड आता, नाहीतर रोपं पण करपवशील!"

समोर कुणीतरी खो खो हसलं.

धाकट्याने पोत्याचं टोक परत शेंड्यांवर सोडलं. हात पँटला पुसले.

"वहिनी, मला नर्सरीत जायचंय," तो म्हणाला. "उशीर होतोय. निघतो मी."