नव्या कुकरची शिट्टी

कुकर चढवून बराच वेळ झाला, तरी शिट्टी होईना. आतून नुसती घुंघुं चालली होती आणि झाकण थरथरत होतं. जवळ जाऊन पाहिलं. नव्या कुकरवर जुन्या, मोडीत काढलेल्या कुकरची जाडजूड शिट्टी बसवली होती. एवढी जड शिट्टी उचलून वाफ बाहेर पडणार कशी?

"आई, ही कुणी लावली?"

"मीच. नवी फार बोंबलते." सासूबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "डॉक्टरांनी ह्यांना शांतता सांगितलीय. मी तर कुणाला त्यांच्या खोलीत बोलूसुद्धा देत नाही." असं म्हणत त्या चमच्याने शिट्टी उचलायला निघाल्या.

"हात लावू नका!" मी त्यांना दंडाला धरून मागे ओढलं, गॅस बंद केला आणि त्यांना दाराबाहेर नेलं.

"आता मला स्वयंपाक शिकवणार तू?"

"शिकवत नाही, जीव वाचवतेय! नसतं शहाणपण सुचतं कुठून तुम्हाला?"

आम्ही दोघी दाराबाहेरच थांबलो. घुंघुं हळूहळू विरली, तेव्हा कुठे माझा श्वास मोकळा झाला.

तेवढ्यात आतून सासऱ्यांची हाक आली, "अगं, आज शिट्टी का होत नाही? मघापासून कान लावून पडलोय. दिवसभरात तेवढीच एक माझ्याशी बोलते."