भूक की आशा

“भूक की आशा?” गोपालकृष्णांनी विचारलं.

पलंगावर बसलेल्या भुवनेश्वरीबाई स्वयंपाकघराच्या फळीकडे पाहत होत्या. शेजारच्या राममूर्तींनी तिरुवैयारूहून आणलेला अशोका हलवा तिथे केळीच्या पानात ठेवला होता, केशरी, तुपाने ओथंबलेला.

“सांग की. हरिप्रिया म्हणाली, आधी पोटाला विचारायचं.”

“पोटाला तोंड आहे काय वो, बोलायला?” बाई म्हणाल्या. “आशाच म्हणून सांगा तुमच्या लेकीला. तिला तेच पाहिजे.”

तंजावरच्या त्यांच्या मराठीत आशा म्हणजे तमिळमधली आसै, जिभेची हाव. पुस्तकी मराठीत तोच शब्द किती वेगळा आहे, हे त्या घरात फक्त गोपालकृष्णांना ठाऊक होतं. त्यांची हयात ग्रंथालयात पुस्तकं बांधण्यात गेली होती. घरात देवनागरी वाचणारे तेच उरले होते.

बेंगळुरूला नोकरी करणारी हरिप्रिया गेल्या खेपेला नवं शास्त्र शिकून आली होती. पथ्य नको, बंदी नको. भूक लागली की खायचं, पोट भरलं की थांबायचं. वर्षानुवर्षं मधुमेहाच्या धाकात काढलेल्या बाई हे ऐकून लहान मुलीसारख्या हसल्या होत्या. पण काही मागितलं की पुढे हा प्रश्न यायचा, आणि बाईंना त्यात जुनंच ‘नको’ ऐकू यायचं.

आज सकाळी इन्सुलिनची सुई टोचून झाली होती. इडल्या झाकून ठेवल्या होत्या. “भूक न्हाई,” बाई म्हणाल्या, म्हणून गोपालकृष्णांनी आग्रह केला नव्हता. सुईनंतर खाणं चुकवू नका, साखर एकदम उतरते, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते त्यांना आठवत होतं. पण लेक एवढी शिकलेली. आपलंच काही चुकत असेल.

त्यांनी फोन लावला.

“आसै असेल अप्पा. थोडं थांबा, आपोआप जाते,” हरिप्रिया म्हणाली. तिच्यामागे ऑफिसातली माणसं बोलत होती.

“पण सुई...”

“काय?”

“काही न्हाई. तू काम कर.”

फोन ठेवून ते आत आले. पंखा चालू होता, तरी बाईंचं कपाळ घामाने डबडबलं होतं. त्या पदराचं टोक दुमडत होत्या, सोडत होत्या, पुन्हा दुमडत होत्या.

“भुवना?”

बाईंनी वर पाहिलं. अनोळखी माणसाकडे पाहावं तसं अदबीने पाहिलं आणि तमिळमध्ये विचारलं, “कंडक्टर, पापनाशम वंदाच्चा?”

पापनाशम आलं का. ते बाईंचं माहेर.

अशोक्याकडे गोपालकृष्णांचा हात गेला, पण बाईंची मान कलली होती. घास घशात अडकला असता. घरात साखर येणं कधीचंच बंद झालेलं. देवघरात अभिषेकाच्या मधाची बाटली होती. त्यांची आंघोळ झाली नव्हती. पारोशाने देवाला शिवायचं नाही, हा नेम त्यांनी जन्मात मोडला नव्हता.

त्यांनी बाटली उचलली. निम्मा मध बाईंच्या हनुवटीवर, गळ्यावर, पदरावर सांडला. बोटाने तो त्यांच्या गालांच्या आत चोळत ते पुटपुटत राहिले, “आलं पापनाशम, आलं हं. उतरू नोको. मी सांगतो तेव्हा उतर.”

किती वेळ गेला, त्यांना कळलं नाही. मग बाईंनी ओठ चाटले.

“काय वो हे,” त्या क्षीण आवाजात म्हणाल्या, “मला पंचामृत केलंत काय?”

ते हसू शकले नाहीत. त्यांनी इडल्या आणल्या, अशोक्याचं पान आणलं, समोर ठेवलं आणि काहीही विचारलं नाही. बाईंनी दोन इडल्या खाल्ल्या. अशोक्याचा एक घास घेतला, डोळे मिटून तोंडात घोळवला. दुसरा अर्धा घेतला आणि पान सारलं.

“पोदुम.”

पुरे. इतक्या वर्षांत गोडाला ‘पुरे’ त्यांच्या तोंडून पहिल्यांदा आलं होतं. आजवर तो शब्द दुसरेच म्हणत आले होते.

फोन वाजला. “आसै गेली का अप्पा?”

“ती भूक होती,” गोपालकृष्ण म्हणाले. आपला आवाज त्यांना परका वाटला. “सुई टोचल्यावर विचारायचं नसतं, हरिप्रिया. घालायचं असतं. मला म्हाईत होतं. मी बोललो न्हाई.”

पलीकडे ऑफिसातली माणसं अजून बोलत होती. त्यांनी फोन ठेवला.

बाईंना झोप लागली होती. श्वास चालू होता. गोपालकृष्णांनी वाकून दोनदा पाहिलं. खिडकीच्या फटीतून मुंग्यांची एक बारीक ओळ पलंगाच्या पायावरून चढून मध लागलेल्या पदरापर्यंत पोचली होती. पुढच्या दोघी गळ्याजवळ थबकल्या होत्या. ओल्या फडक्याने पुसलं तर भुवना जागी होईल.

जुन्या पुस्तकाचं पान सोडवावं तसं, गोपालकृष्ण एकेक मुंगी बोटाने टिपू लागले.