झुंबरगिरबुवांचा काळा थेंब

चोपड्यापासून दोन कोसांवरच्या त्या गावात पारावर पाय ठेवायला जागा नव्हती. ही गोष्ट एकोणीसशे तिसाच्या आसपासची. झुंबरगिरबुवांनी भिकुबाईच्या टोपलीतला रेशमाचा किडा उचलला, सुईनं टोचला आणि त्याचं पिवळसर रक्त पांढऱ्या बशीत पाडलं. मग, जिच्या नावाला थेंब काळा पडेल ती डाकीण, असं सांगून गावातल्या बायकांची नावं पुकारायला लागले. मधे मंतर, मधे ढेकर. तानुबाई, कमलबाई, मंजुळाबाई... चांगला चिलीम ओढून होईल एवढा वेळ गेला. बशीवर एक डोळा ठेवूनच बुवा गरजले, "भिकुबाई!"

लोक वाकून बघतात तो काय, थेंब काळा पडलेला.

"बालकांनो, हीच ती डाकीण. हिच्या नजरेनं तुमची पोरं तापानं फणफणली आहेत."

पुना पाटील जरा चाचरले. "शुक्रवारले परत पाहूत. तवय बी तसंच व्हयनं, ते भिकुबाईनी गाव सोडानं."

भिकुबाई विधवा बाई. एक घर, तुतीची चार झाडं आणि किड्यांच्या टोपल्या, एवढाच तिचा संसार. महिन्यापूर्वी बुवांनी फुकटात रेशमी उपरणं मागितलं होतं आणि तिनं दिलं नव्हतं. बुवांना दिव्यदृष्टी आली ती नेमकी त्यानंतर.

घरी येऊन ती पोटभर रडली. मग पाला घालायला उठली, कारण आपल्या रडण्यापायी किडे थोडेच उपाशी राहतात? पाला बदलताना एक किडा बोटाखाली चिरडला. हात पुसायचा राहिला आणि बघता बघता बोट काळं झालं. अकरा वर्षं हे असंच होत आलं होतं. 'अग बाई, मग बोटावर मी कोणाचं नाव घेत होते?' तिच्या मनात आलं. आणि धागा काढताना कोसले कढत पाण्यात सोडतो, त्यातल्या किड्यांनी तर बोट कधीच काळं झालं नाही.

गुरांना टोचायला अभिमन डॉक्टर गावात आले होते. तिनं त्यांना सगळं सांगितलं. डॉक्टर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि शुक्रवारी आपली सूक्ष्मदर्शकाची पेटी घेऊन पारावर हजर झाले.

सकाळीच भिकुबाईनं पारावर न्यायच्या टोपलीतले किडे विड्याचं पान चघळून होईल एवढा वेळ कढत पाण्यात धरले होते. "बुवा, कात टाकाले बसनात, म्हणून हालत नहीत," ती गरीब तोंड करून म्हणाली.

"आम्हाला ठाऊक आहे," सर्वज्ञ बुवा म्हणाले आणि मेलेला किडा टोचला.

नावं सुरू झाली. गावातल्या बाया संपल्या, थेंब पिवळाच. पुन्हा पहिल्यापासून. "भिकुबाई! भिकुबाई!" काही नाही. बुवांना घाम फुटला, ते पुरुषांच्या नावांवर आले. "बुवा, मन्ही म्हैसनं बी नाव ल्या," मागून निंबा म्हणाला, आणि गर्दी खदखदली.

भिकुबाईनं ओच्यातून जिवंत किडा काढला, टोचला, थेंब दुसऱ्या बशीत पाडला आणि गप्प बसली. रंग फिरायला लागला तशी शांतपणे म्हणाली, "झुंबरगिर." थेंब काळाकुट्ट झाला.

डॉक्टरांनी ताजा थेंब काचेवर घेतला, त्यात बुवांच्याच अंगाऱ्याचा कण टाकला आणि एकेकाला बघायला बोलावलं. "किड्याच्या रक्तात बारीक पेशी असतात. अंगात जंतू शिरला, काटा घुसला, की त्या धावून येतात. काही त्याला गिळतात, काही भोवती गच्च वेढा घालतात, मग काळी खपली धरते. रक्त बाहेर सांडलं तरी हे काम चालूच राहतं. किडा कढत पाण्यात धरला, की मात्र ते थांबतं. पोरांना थंडी वाजून ताप येतो, तो हिवताप आहे; चोपड्याहून त्यावरचं औषध, कोयनेल, आणा."

तोवर बुवा खडावा टाकून शिवारापार झाले होते.

"चुकी गयं, भिकुअक्का," पाटील म्हणाले.

भिकुबाईनं काळ्या थेंबाची बशी त्यांच्यापुढे सरकवली. "किडाले सुई टोचनी, ते त्यानं रगत धावी येस. माले डाकीण म्हनात, तवय तुमनामाईन कोनी उनं का?"

म्हणून सांगतो बाबांनो, बुवा बोट दाखवेल त्या बाईचं घर मोडायला निघण्याआधी दुसरा किडा टोचून बघा. त्याला ना मंतर लागतो, ना बुवा. थोडा दम धरावा लागतो, आणि आपल्या माणसाच्या बाजूनं उभं राहावं लागतं.